माळ्यावरची खोकी आणि डिजिटल पसारा: तुमचे अनुभव लिहा

माळ्यावर तीन खोकी आहेत. एकात अल्बम, दुसऱ्यात कॅसेट, तिसऱ्यात सुट्या निगेटिव्ह. सगळं डिजिटल करून जागा मोकळी करायची ठरवली. दोन रविवार गेले आणि माळ्यावरचा पसारा हॉलमध्ये आला, एवढंच. कुणी हे काम तडीस नेलंय का? काय टाकलंत, काय टाकवलं नाही, कुठे फसलात?

----

सुरुवातीला मी हौसेने १२०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात १२०० ठिपके) स्कॅन करत होते. एकेक फोटो संपता संपेना. मोठा करून पाहिलं तर कागदाचा पोत तेवढा दिसत होता! ६०० केलं, फाइल चौथाईवर आली, फोटोत फरक शून्य. निगेटिव्हचं मात्र उलट. चौकट जेमतेम २४ × ३६ मिलिमीटरची, तिथे २४०० च्या खाली जाऊ नका.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू फिरवायचा. माझे पहिले दोन कोपरे दोरा सुचण्याआधीच गेले.

----

कॅसेटला घाई चालत नाही. ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटंच घेते. म्हणून विकत आणलेल्या सगळ्या बाजूला ठेवल्या, ती गाणी आता कुठेही मिळतात. घरी भरलेल्या तेवढ्या घेतल्या. एकीचा आवाज तोंडावर उशी ठेवल्यासारखा येत होता. फितीला प्लेअरच्या हेडवर (आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारी इवलीशी गादी निखळली होती. कॅसेट स्क्रूची होती, उघडली आणि फित दुसऱ्या खोळीत बसवली. रेडिओसमोर माइक धरून भरलेलं गाणं निघालं, आणि मध्येच बाबा दबक्या आवाजात: "गप रे, भरतंय!" तो गप न बसणारा मी. सॉफ्टवेअर ती जागा 'गोंगाट' म्हणून पुसायला निघालं होतं. नाही पुसू दिली.

मूळ प्रत वाव्ह किंवा फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणारे फाइलचे प्रकार) ठेवा, एमपीथ्री नंतर कधीही करता येते.

----

माझा घोळ तारखांचा. सगळ्या फाइलींना स्कॅन केल्याची तारीख लागली, त्यामुळे आजोबांचं लग्न भाचीच्या बारशानंतर! आता नावातच अंदाजे साल घालतो. माणसं ओळखायला मावशीला बसवलं. "हिला कोण ओळखत नाही?" म्हणाली, आणि मग तिलाच नाव आठवेना.

----

माझं ऐका, अल्बम लगेच टाकू नका. मी टाकले. सगळं एकाच हार्डडिस्कवर होतं, ती टेबलावरून पडली. निम्मं परत मिळालं. आता तीन प्रती, त्यातली एक बहिणीच्या घरी.

----

आभार! अल्बम ठेवतो, एकसारखे दिसणारे डोंगर-सूर्यास्त काढून टाकतो. कॅसेटवाल्या मित्रा, माझा प्लेअर चालू होतो, पण फित खातो. काय करू?

----

रबरी चाकावर मळ बसला असेल किंवा पट्टा सैल झाला असेल. दुरुस्त होईपर्यंत घरची एकही कॅसेट त्यात घालू नकोस. चाचणीला नको असलेली एखादी घाल.