अनुभव धागा: पांढरा शर्ट, काळी पट्टी आणि सोमवार

शिन्चूला, म्हणजे तैवानात, येऊन मला तीन वर्षं झाली. इथल्या सिग्नलला स्कूटरवाल्यांची झुंबड असते आणि त्या झुंबडीत कधीकधी दोन गोरी पोरं सायकलवर दिसतात. हेल्मेट, पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. दिवा हिरवा व्हायला 90 सेकंद असतील, तर त्यातले 80 सेकंद ती शेजारच्या स्कूटरवाल्या काकांशी घडाघडा चिनी बोलत असतात. हे मॉर्मन मिशनरी. (2018 पासून त्यांच्या चर्चला हे टोपणनाव नकोय, पूर्ण नाव घ्या म्हणतात. पण ते 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' इतकं लांबलचक आहे, त्यामुळे इथे मॉर्मनच लिहिते.)

माझी त्यांची ओळख गीझरने करून दिली. घरमालकीण आजींना इंग्रजी येत नाही, माझं चिनी 'हे केवढ्याला'च्या पुढे जात नाही. तीन दिवस गरम पाणी नाही, आजी दारात उभ्या राहून काहीतरी समजावतायत आणि मी नुसती मान डोलावतेय. तेवढ्यात ही जोडी गल्लीतून चालली होती. अमेरिकेतल्या आयडाहोत बटाट्याच्या शेतावर वाढलेला 20 वर्षांचा मुलगा, बारामतीची मी आणि तैवानी आजी यांच्यातला दुभाषा झाला. निष्पन्न काय, तर गीझर बिघडलाच नव्हता. गॅसची टाकी संपली होती आणि ती मी मागवायची असते.

त्याला इथे येऊन 14 महिने झाले होते. त्याआधी यूटामधल्या प्रोव्हो गावी त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात नऊ आठवडे भाषा घोकलेली. मी सहज विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? म्हणाला, "सोमवारी कपडे धुतो, भाजी आणतो, आईशी बोलतो, बास्केटबॉल खेळतो. संध्याकाळी सहाला परत शर्ट-टाय."

ते 'संध्याकाळी सहाला परत' डोक्यातून जाईना. 70,000 हून जास्त मुलंमुली असं धर्मप्रचाराच्या मिशनवर जगभर फिरतायत, मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. त्यांच्यातलं कोणी तुम्हाला भेटलंय? त्यांचा आठवडा जवळून पाहिलाय? लिहा. धर्म खरा की खोटा हा वाद इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिकडेही येईन.

लेही, यूटा

यूटा म्हणजे या चर्चचं माहेरघर, त्यामुळे इथे ऑफिसात निम्म्या लोकांनी मिशन केलेलं असतं. कँटीनमध्ये कोण कुठली भाषा काढेल सांगता येत नाही. एकदा शेजारच्या टेबलावर दोन गोरे टोंगन भाषेत फिदीफिदी हसत होते. गणपतीत मोदक खाऊन एकाने विचारलं, हे फिलिपिन्समध्ये मिळायचं तसंच आहे, नारळ-गूळच ना?

पण लिहायचंय ते माझ्या टीममधल्या एका बाईबद्दल. तिचा धाकटा ब्राझीलमध्ये, रेसिफेला आहे. सोमवारी सकाळी नऊ ते दहा तिच्या कॅलेंडरवर जांभळा चौकोन असतो, त्या तासात कंपनी बुडाली तरी चालेल. मोठा मुलगा 2015 मध्ये गेला होता तेव्हा हा चौकोन नव्हता. वर्षातून दोन फोन, नाताळला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला एक ईमेल. फेब्रुवारी 2019 मध्ये नियम बदलला आणि दर आठवड्याला घरी बोलायची मुभा मिळाली. ती म्हणते, मोठ्याचं दुःख मला दोन महिन्यांनी कळायचं, तोवर तो त्यातून बाहेर आलेला असायचा. धाकट्याचं सोमवारी कळतं आणि मी पुढच्या सोमवारपर्यंत ते घेऊन बसते. कोणतं बरं, ते तिलाही ठरवता येत नाही.

पैसे घरचेच, हे मला आधी माहीत नव्हतं. दरमहा 500 डॉलर (2020 च्या आधी 400), मग मुलगा महागड्या तोक्योत असो की रेसिफेत. सगळ्यांचे एका हंड्यात आणि तिथून ज्याला जेवढे लागतील तेवढे. 

आणि सॉल्ट लेकचा विमानतळ! आपल्याकडे मुलगा परदेशी निघाला की अख्खी फॅमिली निरोपाला लोटते. इथे परत येताना लोटते. फुगे, फलक, आज्या, चुलत भावंडं. मिठी मात्र पहिली आईने मारायची. दोन वर्षं त्या पोराने कुठल्याही बाईला मिठी मारलेली नसते, नियमच आहे तसा.

सध्या नेपरव्हिल, शिकागोजवळ. एरवी ठाणे

मी 71 वर्षांची आहे, टायपिंग नातीचं.

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले की दिवस खायला उठतो. दोघं कामावर, नात शाळेत, हे फिरायला गेले की तास-दीड तास येत नाहीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बेल वाजते ती फक्त कुरिअरवाल्याची, तीही वाजवून तो पळतो. अशा दुपारी ही दोन मुलं दारात. एकजण ॲरिझोनाचा, दुसरा आडवा दणकट, टोंगा बेटांवरचा.

मी म्हटलं, कम, सिट. तर आत येईनात! मला वाटलं माझं इंग्रजी कळलं नाही. मग वाटलं, चपला काढायला लाजतायत. ऑक्टोबरची थंडी, पोरांचे कान लाल झालेले, आणि तशीच पायरीवर उभी राहून माझ्याशी बोलली. हे आले तेव्हा आत आली. मग ॲरिझोनावाल्याने सांगितलं, घरात बाई एकटी असेल तर आम्ही आत जायचं नाही. आमच्या लहानपणी अशी माणसं होती, नंतर दिसली नाहीत.

दोघांच्या छातीवर 'एल्डर' लिहिलेलं. नात म्हणाली, आजी, एल्डर म्हणजे वडीलधारा. मी म्हटलं, मिसरूड तरी फुटू दे. पुढच्या बुधवारी येऊन त्यांनी अंगणातली सगळी पानं गोळा करून दिली. पुस्तक दिलं, ते मी ठेवून घेतलंय, देवाचं पुस्तक कसं टाकायचं? थालीपीठ तीन तीन खाल्ली. चहाला मात्र दोघेही नाही म्हणाले, आणि ते मला लागलं. माझ्या घरचा चहा आजवर कोणी परतवलेला नाही.

डार्मस्टाट, जर्मनी

सगळं इतकं गोड नाही, म्हणून लिहिते. मास्टर्सच्या पहिल्या वर्षी ट्रामच्या थांब्यावर दोन 'सिस्टर' भेटल्या, म्हणजे मिशनरी मुली. लांब स्कर्ट, त्याच काळ्या पट्ट्या, माझ्याच वयाच्या किंवा लहान. नवीन शहर, कोणी ओळखीचं नाही, मी फोन नंबर दिला. मला नाही म्हणता येत नाही हा माझाच दोष. पाच-सहा वेळा भेटलो. त्यांच्यासोबत मी पहिल्यांदा इथे खळखळून हसले.

मग एकदा त्यांच्या फोनवर ओझरतं दिसलं की माझ्या नावाची नोंद आहे. कधी भेटलो, काय वाचायला दिलं, पुढे काय विचारायचं. सहा आठवड्यांनी त्यातल्या एकीची बदली झाली. तिच्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच भेटीत मला नावाने हाक मारली आणि म्हणाली, तुला मशरूम आवडत नाहीत ना? ती चांगुलपणाने म्हणाली, पण माझ्या अंगावर काटा आला. मी हळूहळू उत्तरं देणं थांबवलं.

त्यांचा बावचळलेपणा, घरची आठवण, सगळं खरं होतं. पण मैत्री खरी आणि ती कामाचाही भाग, हे दोन्ही एकत्र कसं ठेवायचं ते मला आजही जमत नाही.

पुणे. मिशन: लीड्स, इंग्लंड, 2016 ते 2018

मी स्वतः मिशन केलंय, त्यामुळे लांबण लागेल. वाढलो खडकीत. बाबा ऑफिसातल्या मित्रामुळे या चर्चमध्ये आले. आमच्या आजीने शेवटपर्यंत तिचे गणपती बसवले आणि आम्ही शेवटपर्यंत मोदक खाल्ले. आता मी जातो का, हे विचारू नका, ते आठवड्यागणिक बदलतं.

देश आपण निवडत नाही. घरी मोठा लिफाफा येतो (तेव्हा कागदी यायचा), तो सगळ्यांसमोर फोडायचा. माझ्यात निघालं इंग्लंड. आधी चोर्ली गावात दोन आठवडे प्रशिक्षण, तिथून लीड्स आणि मग ब्रॅडफर्ड. चोर्लीशेजारच्या प्रेस्टनला रिबल नदीत 1837 मध्ये आमच्या चर्चचे ब्रिटनमधले पहिले बाप्तिस्मे झाले, ते आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की मला वाटायचं अजून लोक नदीकाठी रांगा लावून असतील. 

साडेसहाला उठायचं, व्यायाम, मग एकट्याने वाचन, मग जोडीने वाचन, दहाला बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद. चोवीस तास जोडीदाराच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. एकांत फक्त न्हाणीघरात. मी तिथे बादली उलटी करून त्यावर बसायचो, दहा मिनिटं, काही न करता. माझ्या सामोअन (पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या) जोडीदाराला वाटायचं मला पोटाचा त्रास आहे. त्याने आईला विचारून काढा करून दिला होता.

जोडीदार दर सहा आठवड्यांनी बदलू शकतो, बदल्यांच्या आदल्या शनिवारी रात्री फोन येतो. भांडण झालं तरी तोवर तोच माणूस. आठवड्यातून एकदा, आम्ही शुक्रवारी, बसून पुढच्या सात दिवसांचं नियोजन करायचो, आणि शेवटी एकमेकांना काय खटकतं ते तोंडावर सांगायचं. मराठी माणसाला हे फार जड. आपल्याकडे खटकलेलं सांगत नाहीत, भांडी आपटतात. मी दोन महिने भांडी आपटली. सामोअन बिचारा म्हणायचा, तू फार जोरात भांडी घासतोस, हळू घास.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. त्याला साबुदाणा नसतो, पाणीही नसतं. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्याचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. आजीला फोटो पाठवला तर तिचा निरोप, 'निर्जळी का? मग भगर तरी खा दुसऱ्या दिवशी.' ब्रॅडफर्डमध्ये भगर शोधून काढणं हा माझ्या मिशनमधला एक यशस्वी प्रकल्प.

आणि चहा. नेपरव्हिलच्या आजी, तुमच्यासाठी हे लिहितोय. आम्हाला चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. मला पाठवलं कुठे, तर यॉर्कशरला, जिथे पावसात भिजलेल्या माणसाला दार उघडताच 'कप ऑफ टी, लव्ह?' विचारतात. नाही म्हणालो की पुढचं सगळं संभाषणच थंड. ब्रॅडफर्डमधली पाकिस्तानी घरं त्याहून कठीण. काळी पट्टी लावलेला माझ्या रंगाचा मुलगा बघून एक चाची म्हणाली, "बेटा, तू तो अपना लगता है, ये क्या पहन रखा है?" तिला आमच्या पुस्तकात काडीचा रस नव्हता, आम्ही तिथे फक्त जेवायला जायचो असं म्हटलं तरी चालेल. आत वेलची घालून चहा उकळतोय. सामोअनला त्या वासाचं काही नाही. मी जिन्यात उभा राहून नाक चोंदल्यासारखं करायचो.

दोन वर्षांत किती लोक चर्चमध्ये आणलेस, हे सगळे विचारतात. चार. त्यातला एक परत गेला. बाकी हजारो बंद दारं. पण दारं लवकर विसरतात, सोमवार विसरत नाहीत. लाँड्रीत नाणी टाकून मशिन लावायचं, ते फिरेपर्यंत मॉरिसन्समधून पास्ता, अंडी, स्वस्त बिस्किटं आणि मग सार्वजनिक वाचनालय. तिथला संगणक एक तास मिळायचा. पहिली पंधरा मिनिटं मिशन अध्यक्षांना आठवड्याचं पत्र, उरलेली घरी. आई रोमन लिपीत मराठी लिहायची, 'kasa ahes bala', एक एक अक्षर शोधत. ते वाचताना जाणवायचं की आठवडाभरात हे पहिलं मराठी. शेवटी शेवटी प्रार्थना इंग्रजीतच सुचायची. ठेच लागली की मात्र 'आईगं'.

मदर्स डेचा एक किस्सा. ब्रिटनमध्ये तो मार्चमध्ये असतो, आपल्याकडे मेमध्ये. मी मिशन अध्यक्षांना विचारलं, मग दोन्ही वेळा फोन करू का? ते हसले आणि म्हणाले, छान प्रयत्न.

परतीची तारीख जवळ आली की मन घरी पळतं, त्याला आम्ही 'ट्रंकी' म्हणायचो, म्हणजे ट्रंक भरून तयार. मी उलटा. शेवटच्या रात्री कळलं की उद्यापासून खोलीत एकटं झोपायचं. खडकीला आल्यावर आठवडाभर धाकट्या भावाच्या खोलीत गादी टाकली.

पुणे, लष्कर भाग

छोटीशी भर. हे लोक आपल्याकडे आजकाल आले असं नाही. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला आला. म्हणजे त्यांचं मुख्य शहर सॉल्ट लेक सिटी वसून पाचच वर्षं झाली होती आणि मुंबई-ठाणे रेल्वे अजून सुरू व्हायची होती. पुण्यात थोडी मंडळी जमली, पण तीन-चार वर्षांत हे मिशन गुंडाळलं गेलं. तो मनुष्य सोमवारी काय करत असेल, हा धागा वाचल्यापासून माझ्या डोक्यात घोळतंय. घरचं पत्र यायला तर महिनोन् महिने.

नेपरव्हिल / ठाणे

लीड्सवाल्या बाळा, वाचून बरं वाटलं. चहाचा राग गेला. ती मुलं येत्या आठवड्यात परत येणार आहेत. मग त्यांना प्यायला देऊ काय?

पुणे / लीड्स

आजी, कोकम सरबत चालतं. ताक चालतं. गवती चहा नुसता उकळून दिलात तर तोही चालावा, फक्त त्याला चहा म्हणू नका. आणि काहीतरी डब्यात बांधून द्या, मंगळवारपर्यंत त्यांच्याकडचा पास्ता उरतो फक्त. सोमवारी मात्र बोलावू नका, त्या दिवशी ते आईशी बोलत असतात.