तुमच्या गोष्टीतली सोळा वर्षांची पोरं खरी कशी होतात? (अनुभव धागा)

बोरकूट
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिली. नायिका दहावीची, साताऱ्यातली, काळ मार्च २०२०. शेवटचा भूगोलाचा पेपर देऊन ती बाहेर येते, बोटं शाईने निळी, आणि गेटपाशी तो उभा. या प्रसंगावर मी भलतीच खूश होते. भाचीला वाचायला दिली, ती त्याच बॅचची. म्हणाली, "मावशी, आमचा भूगोलाचा पेपर झालाच नाही."

२३ मार्चचा तो पेपर आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच केला. मी साफ विसरले होते. ती मात्र तीन आठवडे नकाशे गिरवत बसली होती, आज सांगतील, उद्या सांगतील म्हणत. मग मार्क दिले बाकीच्या विषयांच्या सरासरीने. "आणि माझा तोच एक विषय पक्का होता!" हा राग तिच्या आवाजात अजून आहे. गेट कापलं, राग ठेवला.

तर मंडळी, तुम्ही असली माहिती कुठून काढता? कुणी तोंडावर पाडलं? लिहा.

कडू_कारलं
२०२१ च्या बॅचला तर परीक्षाच नाही. निकाल ९९.९५ टक्के. आमच्या शेंडेफळाला काका लोक लग्नाकार्यात 'कोरोना बॅच' म्हणून चिडवतात. सगळे हसतात, तो ताटातली जिलबी मोडत बसतो. त्याचं ते जिलबी मोडणं मी कथेत घेतलं.

खडू_डस्टर
मी बीड जिल्ह्यात शिकवते. एका लेखकमित्राने मसुदा पाठवला होता : ऊसतोड्याचा पोरगा फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कंदिलाच्या उजेडात दहावीचा अभ्यास करतो. म्हटलं, कंदील कुठला, आता मोबाईलची टॉर्च. आणि दहावीचं पोर बऱ्याचदा आजीपाशी गावातच ठेवतात. आईबाप दिवाळीच्या आगेमागे जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. मागे शेळी, पाणी, धाकटी भावंडं, सगळं त्या पोराच्या नाहीतर पोरीच्या गळ्यात. पोरगी सोबत गेलीच तर आई फडात असताना चूल आणि तान्हं तिच्याकडे. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हातातलं अवजार समजून एक अख्खा परिच्छेद लिहिला होता.

मी त्याला शाळेत बोलावलं. मुलाखत घेऊ नकोस, वह्या तपास म्हटलं. एका मुलीच्या बीजगणिताच्या वहीचं शेवटचं पान : दळण, गोडेतेल, आजीच्या बीपीच्या गोळ्या, रिचार्ज. खाली बेरीज, बरोबर. वरच्या पानावरची उदाहरणं चूक. मग पेन खाली ठेवून बराच वेळ गप्प बसला बिचारा.

पहाटेचा_चहा
पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा हवा होता. पंधरा दिवस पहाटे पाचला मैदानाच्या कठड्यावर जाऊन बसलो. आधी त्यांना वाटलं कुणाचा तरी बाप आलाय. ती पोरं 'स्वप्न' वगैरे शब्द काढत नाहीत हो. भेटल्यावर पहिला प्रश्न, "सोळाशे कितीत मारला?" म्हणजे सोळाशे मीटर किती वेळात पळालास. एकाची उंची १६४ वर अडलेली, लागते १६५. तो रोज बारला लटकायचा आणि सकाळीच माप घ्यायला लावायचा, कारण संध्याकाळपर्यंत माणूस थोडा खचतो म्हणे. हे मला घरी बसून सात जन्मांत सुचलं नसतं.

सॅन_होजेकर
इकडच्या मराठी पोरांवर लिहिणाऱ्यांना विनंती. कॅलिफोर्नियात सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं खरं, पण पहिलं वर्षभर विशीच्या आतल्या मित्रांना एकट्याने गाडीत घेता येत नाही, शेजारी पंचविशीपुढचं लायसन्सवालं माणूस लागतं. रात्री अकरा ते पहाटे पाच एकट्याने चालवायची नाही. कथांमध्ये सगळे मध्यरात्री समुद्रावर निघालेले! जाऊ द्या खुशाल, पण मग पोलिसाची धास्ती तरी दाखवा. आमच्या घरी यावरून रोज भांडण.

तिखटमीठ
मी गाढवपणा केला तो लिहिते. लेकीचा फोन चार्जिंगला होता, उघडाच. मैत्रिणीशी चाललेलं वाचलं आणि त्यातली चार वाक्यं जशीच्या तशी कथेत घातली. संवाद फार जिवंत आहेत, असं संपादकांनी कळवलं. अंक घरी आला, तिने वाचला. भांडली नाही. पण फोनला लॉक बसलं, आणि जेवताना "काय गं, कॉलेजात काय विशेष?" म्हटलं की उत्तर, "लिहायला हवंय का?"

आता विचारूनच घेते. परवा तिनेच सांगितलं की स्नॅपचॅटवरची स्ट्रीक (सलग किती दिवस एकमेकींना फोटो पाठवले त्याचा आकडा) तुटू नये म्हणून रोज नुसत्या छताचा फोटो पाठवतात, बोलायला काही नसलं तरी. म्हटलं, हे घेऊ? म्हणाली, घे, पण मैत्रिणीचं नाव बदल.

बोरकूट
@तिखटमीठ, निदान तुझी फुकटात तरी देते. भाची मानधनात वाटा मागतेय. किती द्यावा?

कडू_कारलं
सरासरीने.