विषय: शनिवारच्या गणितवर्गात प्रोग्रॅमिंग – स्क्रॅच की पायथन?

कार्यवाह, लष्कर, ग्वाल्हेर

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या सभागृहात दर शनिवारी दीड तास, सहावी ते आठवीची १६ मुलं, आठ जुने लॅपटॉप. नेटचा भरवसा नाही, विजेचाही नाही. वेगळा ‘कोडिंग क्लास’ नको, शाळेतल्या गणिताला धरूनच शिकवायचं असं ठरलं आहे. सुरुवात स्क्रॅचने (पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचा) करावी की सरळ पायथनने (आज्ञा टाइप करून)? आणि मराठीतून कितपत जमेल?

एक सदस्य, मूळ दौलतगंज, सध्या श्टुटगार्ट

काका, स्क्रॅचने करा. त्याची ऑफलाइन आवृत्ती पेनड्राइव्हवरून आठही लॅपटॉपवर चढवता येते. फक्त ती आपोआप सेव्ह करत नाही. दर दहा मिनिटांनी फाइल सेव्ह करायची सवय पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर बॅटरी दगा देते आणि तासाभराचं काम जातं.

पहिली आकृती चौरस घेऊ नका, त्रिकोण घ्या. चौरसात आतला कोनही ९० आणि वळायचा कोनही ९०, त्यामुळे चूक लपते. समभुज त्रिकोणाला मुलं हमखास ६० अंश वळवतात आणि पडद्यावर उघडा, अर्धा षटकोन उमटतो. तिथे थांबा, उत्तर सांगू नका. एका मुलाला जमिनीवर खडूच्या त्रिकोणावरून चालायला लावा. कोपऱ्यावर अंग १२० अंश फिरतं हे त्याला स्वतःलाच कळतं, बाह्यकोन वेगळा शिकवावा लागत नाही. पुढे सप्तकोन. मुलं ३६० भागिले ७ करून ५१ लिहितात. सात वेळा ५१ म्हणजे ३५७, तीन अंश कमी पडतात आणि आकृती मिटत नाही. भागाकाराचा ठोकळा थेट वळण्याच्या ठोकळ्यात बसवायचा, आकडा हाताने टाकायचाच नाही.

पेनचे (रेघ काढायचे) ठोकळे स्क्रॅचच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मुख्य यादीत नसतात. खाली डावीकडच्या बटणातून जोडावे लागतात. ‘पेन सापडत नाही’ ही ओरड पाच मिनिटांत येणार.

गणित शिक्षिका, ग्वाल्हेर

बहुभुजाकृती ठीक, पण आठवीची मुलं दोन शनिवारांत कंटाळतील. त्यांना आपल्या किल्ल्यावरचं उदाहरण द्यावं असं सुचवते.

चतुर्भुज मंदिरातला इ.स. ८७६चा शिलालेख सर्वांना ठाऊक आहे. त्यात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद. शिवाय रोजच्या ५० माळा. २७० आणि ५० मधली शून्यं आजच्यासारखीच दिसतात. (मुलांना ‘जगातलं पहिलं शून्य’ असं मात्र सांगू नये. कंबोडियातला इ.स. ६८३चा शिलालेख याहून जुना आहे.)

प्रश्न असा: या बागेत मावेल तेवढा मोठा चौरस कापायचा, उरलेल्या पट्टीत पुन्हा तेच, शेवटपर्यंत. स्क्रॅचचा रंगमंच (चित्र उमटतं ती चौकट) ४८० बाय ३६० पावलांचा आहे, म्हणजे एक हात = एक पाऊल धरलं तरी अख्खी बाग मावते. आरंभ उणे १३५, उणे ९३ या बिंदूवर. १८७ चा एक चौरस, ८३ चे दोन, २१ चे तीन, २० चा एक आणि १ चे वीस, एकूण २७. शेवटचा चौरस १ चा, म्हणजे मसावि १. एक सूचना: आपली बरीच मुलं शाळेत ‘महत्तम समापवर्तक’ किंवा ‘एचसीएफ’ शिकतात. मसावि म्हटलं की बघत राहतात, तेव्हा तिन्ही शब्द फळ्यावर लिहावेत.

श्टुटगार्टहून पुन्हा

ताई, उदाहरण फारच छान. यात एक खड्डा आहे, तो मुद्दाम ठेवा. मुलं ‘लांबी’ या चलामध्ये (आकडा साठवायचा नाव दिलेला कप्पा) रुंदी भरतात आणि मग ‘रुंदी’मध्ये लांबी भागिले रुंदीची बाकी. पण तोवर लांबी बदललेली असते! १८७ ला १८७ ने भागून बाकी शून्य, प्रोग्रॅम एका फेरीत थांबतो आणि मसावि १८७ सांगतो. २७० ला १८७ ने भाग जातो का, एवढंच विचारा. मग ‘उरले’ नावाचा तिसरा चल आधी भरायचा, नंतर इतर दोन चल. ‘उरले’त ८३, २१, २०, १, ० असे आकडे क्रमाने आले की समजा जमलं. १ चे वीस चौरस पेनच्या जाडीत मिसळून एक रेघच दिसेल. ती चूक नव्हे.

पायथनकडे आठवीच्या मुलांना तिसऱ्या महिन्यात न्या. तेव्हा दिशेचा घोटाळा होतो. स्क्रॅचमध्ये ० अंश म्हणजे वर आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतात. पायथनच्या कासवात (‘टर्टल’ या चित्र काढायच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार आज्ञांच्या संचात) ० म्हणजे उजवीकडे आणि उलट दिशेने, जसं गणिताच्या पुस्तकात. स्क्रॅचचं साइन अंश घेतं, पायथनचं रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक). आणि फाइलला कासवाच्या मॉड्यूलचंच नाव देऊ नका. पायथन मॉड्यूल सोडून तीच फाइल उघडतं आणि भलतीच त्रुटी दाखवतं.

मराठीचं म्हणाल तर चलांची नावं देवनागरीत चालतात: कोन, बाजू, रुंदी. ‘पायऱ्या’ मात्र जपून. काही कीबोर्ड त्यातल्या ‘ऱ्या’त न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि पायथन ते नाकारतं. प्रोग्रॅममध्ये २७० असा देवनागरी आकडा थेट लिहिला तर त्रुटी येते, पण इनपुटमध्ये टाकून ‘इंट’मधून (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) नेला तर बरोबर वाचला जातो. ‘इंट’ विसरलं तर बेरीज ४५७ ऐवजी २७०१८७ येते, कारण इनपुट नेहमी मजकूर म्हणूनच येतं.

कार्यवाह

ठरलं मग. एका लॅपटॉपवर दोघं, दहा मिनिटांनी कीबोर्ड बदलायचा. ताई, बाग आधी कागदावर काढून घ्यायची ना? एक हात = एक मिलिमीटर धरलं तर २७ सेंटिमीटर होतात, मुलांच्या आलेखवहीत ते बसायचे नाहीत. ए-३ आकाराचे १६ कागद आणून ठेवतो.