स्पर्धा आणि ग्राहक: एकाच छपराखाली की वेगळ्या चुली?

मीमांसक:
अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनमध्ये (एफटीसी) बाजारातली स्पर्धा राखणं आणि ग्राहक संरक्षण ही दोन्ही कामं एकत्र आहेत. कायद्याने वर ५ आयुक्त, मुदत ७ वर्षं, एका पक्षाचे ३ पेक्षा जास्त नाहीत. खाली तीन ब्युरो: स्पर्धा, ग्राहक संरक्षण, अर्थशास्त्र. आपल्याकडे स्पर्धा आयोग कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण (सीसीपीए) ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे. हे दोन्ही एकत्र करावेत असं माझं मत. ॲपवर खरेदी करताना न मागितलेला विमा गुपचूप कार्टमध्ये येऊन बसतो, त्याची तक्रार एका दारात. त्याच ॲपने विक्रेत्यांवर लादलेल्या अटींची दुसऱ्या दारात. पुरावा मात्र एकाच सर्व्हरवर!

खडूस:
असहमत. हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. १९६९ च्या एमआरटीपी (मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापार प्रथा) कायद्यात १९८४ साली अनुचित व्यापार प्रथा घातल्या, म्हणजे मक्तेदारी आणि फसव्या जाहिराती एकाच आयोगापुढे. यात गोची अशी की जाहिरातीची तक्रार एका कात्रणावर उभी राहते आणि लवकर निकाली निघते. कंपन्यांचं साटेलोटं सिद्ध करायला ईमेल, बैठकांच्या नोंदी, किमतींचा काही वर्षांचा डेटा लागतो. माणसं तेवढीच असतील तर कुठलं काम आधी उरकलं जाईल? निकाली प्रकरणांचा आकडा दाखवायचा असेल तर उत्तर उघड आहे.

मीमांसक:
@खडूस, म्हणून तर ब्युरो वेगळे. मनुष्यबळ वेगळं ठेवायचं, एकत्र आणायचं ते आयुक्त आणि अर्थतज्ज्ञ. एफटीसीत अर्थशास्त्र ब्युरो आपलं टिपण स्वतंत्रपणे आयुक्तांपुढे ठेवतो. खटला लढवायला उत्सुक वकिलांना 'यात ग्राहकाचं नुकसान दिसत नाही' असं सांगणारा कुणीतरी घरातच हवा.

खडूस:
आणि त्याच एफटीसीत आरोपपत्राला मंजुरी देणारे आयुक्तच पुढे प्रशासकीय न्यायाधीशाच्या निर्णयावरचं अपील ऐकतात. फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच. हेही आयात करायचं का?

कलमबहाद्दर:
तुम्ही दोघं छपरावरून भांडताय, गाठ तपासात आहे. आपल्या स्पर्धा कायद्यातला क्रम बघा. आयोगाकडे माहिती येते किंवा तो स्वतःहून दखल घेतो. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर कलम २६(१) खाली महासंचालकांना (तपास शाखेचे प्रमुख) तपासाचा आदेश. मग अहवाल, त्यावर हरकती, सुनावणी, आणि शेवटी कलम २७ खाली आदेश. महासंचालकांची नेमणूक आधी केंद्र सरकार करायचं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या पूर्वमंजुरीने आयोग करतो; पण त्यांना स्वतःहून तपास सुरू करता येत नाही. एमआरटीपीच्या काळात महासंचालक स्वतः आयोगाकडे जाऊ शकत होते.

सीसीपीएचं यंत्र निराळं. प्राथमिक चौकशीत तथ्य दिसलं तर तपास सीसीपीएच्या महासंचालकांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे. वजनमाप, लेबल, स्थानिक जाहिरात यांना जिल्हाधिकारी ठीक. साटेलोट्याच्या तपासात त्यांचा काय उपयोग?

दंडातली तफावतही बघा. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. स्पर्धा कायद्यात उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर उलाढाल म्हणजे जागतिक उलाढाल. नुसतं विलीनीकरण केलंत तर कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, 'हा विषय जाहिरातीचा आहे.'

मीमांसक:
दंडाचा मुद्दा मान्य. पण तो एकत्रीकरणाच्या विरोधात कसा जातो?

कलमबहाद्दर:
ब्रिटन बघा. तिथल्या सीएमएकडे (स्पर्धा आणि बाजार प्राधिकरण) २०१४ पासून दोन्ही कामं आहेत. तरी ग्राहक कायदा मोडल्याबद्दल थेट दंड करता येत नव्हता, कोर्टात जावं लागायचं. तो अधिकार २०२४ च्या कायद्याने दिला आणि एप्रिल २०२५ पासून लागू झाला. मर्यादा जागतिक उलाढालीच्या १० टक्के. म्हणजे इतकी वर्षं छप्पर होतं, दात नव्हते.

मीमांसक:
मग क्रम बदलतो: आधी सीसीपीएचा दंड उलाढालीशी जोडा, मग दोघांना सामाईक डेटा-तपास पथक आणि अर्थतज्ज्ञ द्या. आयोग एक करायचा की नाही ते नंतर.

खडूस:
याला माझी हरकत कमी. फक्त ते पथक कोणत्या मंत्रालयाच्या पगारपत्रकावर असेल आणि दोन्हीकडून एकाच आठवड्यात मागणी आली तर आधी कुणाचं काम करेल, हे कायद्यात लिहा. अंतर्गत परिपत्रकावर सोडलंत तर पहिल्या मोठ्या प्रकरणातच अधिकारक्षेत्राचा वाद उच्च न्यायालयात पोचेल.