सोमेश्वरजवळ सोडून दिलेली लॅब्रॅडॉर मादी: निवारा केंद्रात जागा नाही, तर पुढे काय करावे?

प्रश्न – आनंदवल्लीकर

सर्वांना नमस्कार. आम्ही नाशिकच्या आनंदवल्ली भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मागच्या मंगळवारी सकाळी गंगापूर रस्त्याने सोमेश्वरच्या दिशेने फिरायला गेले असताना एका चहाच्या टपरीमागे फिक्या पिवळ्या रंगाची लॅब्रॅडॉर मादी बसलेली दिसली. आदल्या रात्री टपरी आवरत असताना एका मोटारीतून तिला खाली उतरवले आणि मोटार धरणाच्या रस्त्याने निघून गेली, असे टपरीवाल्या काकांनी सांगितले. गळ्यात पट्टा नव्हता, परंतु पट्ट्यामुळे केस झडलेला वळ स्पष्ट दिसत होता. बरगड्या मोजता येतील इतकी ती खंगलेली आहे, नखे फार वाढून वाकडी झाली आहेत, दोन्ही कोपरांवर काळे, जाड घट्टे आहेत आणि सड लोंबलेले आहेत. बिस्किट पुढे केले की ती आधी खाली बसते आणि आपण "घे" म्हणेपर्यंत वाट पाहते, म्हणजे कोणीतरी तिला कधीकाळी शिकवलेले आहे.

मी दोन निवारा केंद्रांशी संपर्क साधला. एकाने जागा शिल्लक नसल्याचे सांगितले. दुसऱ्याने सांगितले की ते सध्या केवळ अपघातग्रस्त आणि आजारी प्राणीच दाखल करून घेतात. मात्र मी तिला काही दिवस घरी ठेवल्यास लसीकरण, निर्बीजीकरण आणि घर शोधणे यांत ते मदत करतील. त्या दिवसापासून ती आमच्या गॅलरीत आहे. सासूबाईंना लहानपणी कुत्रा चावलेला असल्याने त्या घाबरतात, आणि सोसायटीच्या अध्यक्षांनी कुत्रा ठेवता येणार नाही असे तोंडी सांगितले आहे.

दरम्यान मी व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे छायाचित्र टाकल्यावर दिंडोरी रस्त्यावरील एका द्राक्षबागायतदारांचा दूरध्वनी आला. ते आजच तिला न्यायला तयार आहेत. त्यांचा पहिला प्रश्न होता की ती अजून पिल्ले देऊ शकेल का. या प्रश्नाने माझे मन कचरले, परंतु घरातील अडचण पाहता मी नाही म्हणण्याच्या स्थितीत आहे का, हेही समजत नाही. तिला दाखल करून घेण्याचा आग्रह केंद्राकडे धरावा, की घरी ठेवूनच घर शोधावे? आणि ज्यांनी तिला सोडले त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर – पंचवटीतील निवारा स्वयंसेविका

ताई, तुम्ही तिला घरी आणलेत याबद्दल प्रथम मनापासून आभार. मी गेली काही वर्षे एका निवाऱ्यात दर रविवारी आणि अडीअडचणीला मधल्या दिवशीही काम करते, म्हणून आतली बाजू सविस्तर मांडते.

"जागा नाही" हे उत्तर ऐकणाऱ्याला निर्दयपणाचे वाटते, पण बहुतेक वेळा ते अक्षरशः खरे असते. मागील दोन पाय निकामी झालेला कुत्रा आयुष्यभर आमच्याकडेच राहतो, त्यामुळे तो पिंजरा पुन्हा कधीच मोकळा होत नाही. पावसाळ्यात पार्वो हा कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार झालेले एखादे पिल्लू आले की त्याच्यासाठी संपूर्ण खोली बंद ठेवावी लागते, कारण पार्वोचा विषाणू जमिनीवर आणि भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. त्यासाठी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे द्रावण दहा मिनिटे ओले ठेवावे लागते. अशा ठिकाणी लसीकरणाची काहीच माहिती नसलेली, अशक्त, घरात वाढलेली मादी आणून ठेवणे तिच्याच जिवावर बेतू शकते. शिवाय दिवसभर चाळीस कुत्र्यांचे भुंकणे ऐकून घरातली कुत्री कोपऱ्यात तोंड घालून बसतात, खाणे सोडतात, आणि बघायला आलेल्या कुटुंबाला ती "मंद" वाटतात. तीच मादी तुमच्या गॅलरीत "घे" ऐकून बिस्किट घेताना दिसली, तर तिला घर लवकर मिळेल. म्हणून माझे मत असे की दाखल करण्याचा आग्रह धरू नये, परंतु केंद्राने देऊ केलेली मदत पूर्णपणे आणि लेखी स्वरूपात घ्यावी. तिची नोंद केंद्राच्या वहीत व्हावी, शस्त्रक्रियेची तारीख मिळावी, आणि तुमच्या घरी तिला ठेवणे अशक्यच झाले तर ती कोणाकडे जाईल हे आजच ठरवून घ्यावे. हे शेवटचे विचारायला लोक संकोचतात आणि मग दहाव्या दिवशी घरात वाद होऊन प्राणी पुन्हा रस्त्यावर येतो.

ती सोडलेली आहे हे जवळजवळ नक्की असले, तरी हरवलेली असण्याची शक्यता तपासूनच पुढे जावे. मोटारीतून उतरवणारा माणूस तिचा मालकच होता असे आपण गृहीत धरतो, पण चोरून नेलेली कुत्रीही अशी सोडली जातात. केंद्रात स्कॅनर असल्यास मानेखाली आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची बारीक चिप) आहे का ते पाहून घ्यावे. चिप असल्यास पंधरा अंकी क्रमांक मिळतो. "सापडली आहे" अशी सूचना देताना तिची एखादी ओळखीची खूण मुद्दाम छापू नये, म्हणजे मालकी सांगणाऱ्याला ती विचारता येते.

आता बागायतदारांविषयी. शेतावर राहणारे प्रेमळ पालक मी पाहिले आहेत, त्यामुळे शेतकरी म्हणून कोणाला नकार देऊ नये. पण ज्यांचा पहिला प्रश्न पिल्लांचा आहे, त्यांना ही मादी देऊ नये, आणि आज न्यायची घाई आहे म्हणून तर मुळीच देऊ नये. त्यांना एवढेच सांगा की निर्बीजीकरण झाल्यानंतरच ती दिली जाईल आणि आधी आम्ही घर पाहायला येऊ. माझ्या अनुभवात ज्यांना पिल्लेच हवी असतात, ते यानंतर पुन्हा संपर्क करत नाहीत. राखणीसाठी म्हणून नेलेला लॅब्रॅडॉर येणाऱ्या-जाणाऱ्याला चाटत बसतो आणि महिन्याभरात साखळीला अडकवला जातो. द्राक्षबागेचा आणखी एक धोका आपल्या नाशिकमध्ये राहूनही पुष्कळांना ठाऊक नसतो: द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा अंदाज आधी करता येत नाही. गोड लागेल ते गिळणारी ही जात पडलेल्या मण्यांपासून दूर ठेवणे कठीण. फवारणीच्या दिवसांतील ओल्या पाना-गवताचे वेगळेच.

घर पाहायला जाताना मी कागद भरण्यापेक्षा जिन्याकडे, गच्चीच्या कठड्याकडे आणि फाटकाच्या फटीकडे जास्त लक्ष देते. घरातील सगळी माणसे एकदा एकत्र भेटली पाहिजेत, कारण होकार एकाचा आणि सांभाळणे दुसऱ्याचे असे झाले की प्राणी परत येतो. भाड्याचे घर असेल तर घरमालकांशी बोलावे. "पूर्वी कुत्रा होता का, आणि तो कसा गेला?" हा एक प्रश्न शांतपणे विचारावा. म्हातारपणाने गेला, अमुक दवाखान्यात उपचार चालू होते, असे सांगणाऱ्याचा आवाजच वेगळा असतो. "गावाकडे सोडला" हे उत्तर आले तर तिथेच थांबावे.

उत्तर – पशुवैद्य, देवळाली

वर्णनावरून ही मादी पिल्लांच्या विक्रीसाठी दीर्घकाळ पिंजऱ्यात ठेवलेली असावी. कोपरावरचे घट्टे सिमेंटच्या फरशीवर सतत पडून राहिल्याने येतात, नखे न झिजणे हे न चालण्याचे लक्षण आहे, आणि सड अनेक वेतांनंतर असे लोंबतात. पुढचे सुळे मागच्या बाजूने झिजलेले आहेत का तेही पाहावे, कारण गज चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये ते आढळते. श्वान प्रजननाविषयीच्या 2017 च्या नियमांनुसार अशा व्यवसायाला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. वेतांच्या संख्येवरही मर्यादा आहे. प्रत्यक्षात थकलेल्या माद्यांचे काय होते, हे आम्ही टेबलावर पाहतो.

शक्य तितक्या लवकर तिला तपासून घ्यावे आणि रक्ततपासणीत गोचीडताप पाहण्यास सांगावे. हिरड्या फिक्या दिसत असतील, तर उद्यावर टाकू नये. ती फार पाणी पीत असेल, सुस्त असेल किंवा योनीमार्गातून स्राव येत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. निर्बीजीकरण न झालेल्या मोठ्या माद्यांमध्ये माजानंतरच्या काही आठवड्यांत हा आजार दिसतो आणि तातडीने शस्त्रक्रिया न केल्यास जीव जातो. गर्भ आहे का हेही सोनोग्राफीने कळेल. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा असतो.

खंगलेली आहे म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर वाढू नये. दीर्घ उपासमारीनंतर एकदम जास्त अन्न मिळाल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून प्राणी दगावू शकतो. थोडेथोडे, दिवसातून चार-पाच वेळा, पचायला हलके द्यावे. जंताचे औषध आणि रेबीजची लस प्रकृती पाहून लगेच देता येते. इतर रोगांची एकत्रित लस तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावी. तोपर्यंत इमारतीतील अन्य कुत्र्यांशी संबंध येऊ देऊ नये. सासूबाईंची भीती रास्त आहे, त्यामुळे हेही लक्षात असू द्यावे की इतिहास ठाऊक नसलेल्या कुत्र्याचा दात किंवा नख लागल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी.

उत्तर – वकील, सीबीएस परिसर

तक्रारीविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा, कलम 11, यानुसार उपासमार किंवा तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा परिस्थितीत त्याला योग्य कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये एवढाच असून, कित्येक दशके तो आकडा बदललेला नाही. तरीही मी तक्रार द्या असेच म्हणेन, कारण मोटारीचा क्रमांक एखाद्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मिळाला आणि तो माणूस हाच व्यवसाय करणारा निघाला, तर त्याच्याकडील उरलेल्या माद्यांपर्यंत पोहोचण्याची ती वाट ठरेल. अशा कॅमेऱ्यांतील चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून याला उशीर करू नये. पोलीस ठाण्यातील नोंदीची प्रत जपून ठेवावी. पुढे कोणी मालकी सांगत आला तर ती उपयोगी पडते.

सोसायटीने केवळ ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. अध्यक्षांशी वाद न घालता त्यांना लेखी पत्र द्यावे: मादी तात्पुरती आहे, लसीकरणाची प्रत सोबत जोडली आहे, जिन्यात पट्ट्याशिवाय आणणार नाही आणि घाण आम्ही उचलू. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर विषय मिटतो.

"नाहीतर टपरीजवळच खायला घालत राहा" असेही कोणी सुचवेल. भटक्या कुत्र्यांना शस्त्रक्रिया करून त्याच परिसरात परत सोडण्याची तरतूद 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे, ती रस्त्यावर जन्मलेल्या आणि तेथील हद्दी ओळखणाऱ्या कुत्र्यांसाठी. पाळीव प्राण्याची जबाबदारी त्याच नियमांनी मालकावर टाकलेली आहे.

उत्तर – नाशिकरोडकर

आम्ही दोन वर्षांपूर्वी निवाऱ्यातून पाच वर्षांचा गावठी कुत्रा घेतला. पहिले तीन दिवस तो जेवणाच्या टेबलाखालून बाहेर आला नाही आणि शी-शूसुद्धा दाबून ठेवत होता. आम्ही हिरमुसलो होतो, पण केंद्रातील ताईंनी आधीच सांगितले होते की तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे आणि तीन महिने आपले मानण्याचे धरावेत. दुसऱ्या आठवड्यात गॅसचे सिलिंडर आले तेव्हा दार उघडे राहिले आणि तो निसटला. सायंकाळी मालधक्क्याजवळ सापडला, तोही गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक होता म्हणूनच. ताई, ती तुमच्याकडे थोडेच दिवस असली तरी क्रमांक लिहिलेला पट्टा आजच बांधा.

आनंदवल्लीकर

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. दहा दिवसांनी लिहिते आहे. चिप नव्हती. रक्ततपासणीत गोचीडताप निघाला, औषधे सुरू आहेत आणि हिरड्यांचा रंग सुधारल्यावर केंद्राच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आहे. बागायतदारांना निर्बीजीकरणाचे सांगितल्यानंतर त्यांचा दूरध्वनी आला नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. सासूबाई अजून तिला हात लावत नाहीत, परंतु सकाळी गॅलरीचे दार त्याच उघडतात आणि चपातीचा पहिला तुकडा ती खाली बसल्यावरच देतात.

देवळाली कॅम्पमधील एक निवृत्त दांपत्य दोनदा येऊन तिला भेटून गेले. त्यांचा आधीचा कुत्रा तेरा वर्षांचा होऊन गेला. त्याचे औषधांचे कागद त्यांनी अजून ठेवलेले आहेत. घर तळमजल्याचे आहे आणि आवाराला भिंत आहे. शस्त्रक्रियेचे टाके काढल्यानंतर तिला नेण्याची त्यांची तयारी आहे. तिला एकदम द्यावे, की आधी काही दिवसांसाठी पाठवून पाहावे?

पंचवटीतील निवारा स्वयंसेविका

ताई, पंधरा दिवस तात्पुरते ठेवून मग करारपत्रावर सही, असे करावे. "जमले नाही तर ती आमच्याकडेच परत येईल, परस्पर कोणाला दिली जाणार नाही" हे वाक्य करारात असलेच पाहिजे. त्या पंधरा दिवसांत रोज विचारपूस करून त्यांना अवघडून टाकू नका. तिसऱ्या दिवशी एकदा आणि आठवड्याने एकदा पुरे. तुम्ही स्वतः भेटायला जाण्याची घाईही करू नये, कारण तुम्ही परत निघालात की तिला पुन्हा सोडून दिल्यासारखे वाटेल. सोडायला जाताना गॅलरीतले तिचे गोणपाट न धुता तसेच सोबत द्या. तुमच्या घराचा वास असलेली तेवढीच वस्तू तिच्यापाशी असेल, आणि पहिल्या रात्री ती त्यावरच झोपेल.