३५० सीसी, १३ लिटरची टाकी, वाटेत ३३० किमी पंप नाही. पुरेल का? (सल्ला हवा)

निवांत_स्वार

नमस्कार मंडळी. गाडी ३५० सीसी, फ्युएल इंजेक्शनवाली, टाकी १३ लिटर. घेऊन दीड वर्ष झालं. पुढच्या महिन्यात एकटाच लांब निघतोय. वाटेत एक पट्टा असा आहे की शेवटच्या पंपानंतर पुढचा पंप थेट ३३० किमीवर. मध्ये अक्षरशः काही नाही.

फुल टाकीपासून पिवळा दिवा लागेपर्यंतच्या माझ्या नोंदी : ३०५, ३१८ आणि २६२. शेवटच्या वेळी डबलसीट होतो, वारा समोरून होता आणि मी शंभरच्या खाली येत नव्हतो, कबूल. मॅन्युअल म्हणतं, दिवा लागतो तेव्हा साधारण ३ लिटर शिल्लक असतं. मीटरवर 'अजून इतके किमी जाल' असा आकडा येतो, पण त्याचं मत दर दहा मिनिटांनी बदलतं.

दिवा लागल्यावर खरंच किती जाता येतं? सोबत कॅन घ्यावा का? एक मित्र म्हणतो, सरळ मोठी टाकी बसवून घे.

काटेकोर

तुमच्या तिन्ही नोंदी दिव्याच्या आहेत, पेट्रोलच्या नाहीत. दिवा आणि काटा दोन्ही टाकीतल्या मोजणीवर चालतात, आणि आत काय आहे ते एकदा डोळ्यांसमोर आणा : मोटरसायकलची टाकी चौकोनी डबा नाही, ती चेसिसच्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते. वर रुंद, खाली दोन पाय. तारेच्या टोकाला तरंगणारा फ्लोट एकाच बाजूची पातळी बघतो. टाकी काठोकाठ असताना तो वर टेकून बसतो, म्हणून पहिले काही किमी काटा हलतच नाही. खालच्या अरुंद भागात पेट्रोल आलं की तोच काटा धावत सुटतो. चढावर एक, उतारावर दुसरं, साइड स्टँडवर तिसरंच. म्हणून सगळ्यांचा अनुभव सारखा : पहिली अर्धी टाकी संपता संपत नाही, दुसरी अर्धी कुठे गेली कळत नाही.

टाकी टू टाकी मोजा. गाडी मेन स्टँडवर, नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगा. नळकांड्याच्या खालच्या कडेपर्यंत भरा, वर गळ्यापर्यंत नको. ट्रिप मीटर शून्य. दोनअडीचशे किमी चालवा आणि त्याच पंपावर, त्याच नोझलवर, गाडी तशीच उभी करून त्याच खुणेपर्यंत भरा. झालेले किमी भागिले आत गेलेलं पेट्रोल. एका वेळेवर विसंबू नका, नोझल कुठे आपोआप थांबलं यावर अर्धा लिटर इकडचं तिकडे होतं. तीन टाक्यांचे किमी एकत्र, तीन टाक्यांचे लिटर एकत्र, मग भागाकार. तीन ॲव्हरेजची सरासरी काढू नका, ती चुकते.

आणि हो, १३ मध्ये रिझर्व्ह धरलेलंच असतं. १३ अधिक ३ नव्हे. हा घोळ मी चांगल्या चांगल्यांना घालताना पाहिलाय.

सायलेन्सर_तापला

+१. त्यात दिव्याआधी १० लिटर गेलं असं धरलं तर वाईटात वाईट ॲव्हरेज २६.२. गुणिले १३ म्हणजे ३४० किमी. पट्टा ३३० चा. अहो, कागदावर दहा किमी उरतात. दहा किमीत काय काय होतं, ते ज्यानं गाडी ढकललीय त्यालाच विचारा.

घाटातला_भाऊ

शिवाय टाकीतलं सगळं पेट्रोल वापरता येत नाही. तळाशी पंपाच्या तोंडाखाली थोडं राहतंच, आणि खोगिराच्या पलीकडच्या पायात अडकलेलं वेगळं.

जुन्या कार्ब्युरेटरच्या (इंजेक्शन नसलेल्या) गाड्यांना टाकीखाली कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी असायची. आत दोन नळ्या, एक उंच, एक बुटकी. उंच नळीच्या खाली पातळी गेली की इंजिन गचके द्यायला लागायचं, डावा हात खाली घालून चालत्या गाडीवर कॉक फिरवायचा, रिझर्व्ह चालू. ती गचक्यांची भाषा दिव्यापेक्षा प्रामाणिक होती असं माझं मत. पण एकदा मी कॉक रिझर्व्हवरून परत फिरवायला विसरलो. पुढची टाकी तशीच गेली. गचके बसले तेव्हा कॉक फिरवायला गेलो तर तो आधीच फिरलेला.

मग थोरल्यांनी शिकवलेलं आठवलं. झाकण पक्कं आहे ना ते बघितलं, गाडी कॉकच्या बाजूला जवळजवळ आडवी केली, दहापर्यंत मोजलं, उभी केली. पलीकडच्या पायातलं पेट्रोल नळीवरून इकडे आलं आणि गाडी अजून चार-पाच किमी गेली. तेवढ्यात वस्ती लागली म्हणून बरं.

इंजेक्शनच्या गाडीवर मात्र हा खेळ नको, आणि मुद्दाम टाकी कोरडी करून 'बघू किती जाते' तर अजिबात नको. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो, भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा फिरला की तापतो.

निवांत_स्वार

ही आडवी करायची युक्ती भारी आहे! पण म्हणजे माझ्या गाडीला उपयोग नाही. मग वेग कमी ठेवला तर कितपत फरक पडेल? आणि उतारावर न्यूट्रल करून सोडली तर?

काटेकोर

वेगाचा फरक सर्वात मोठा, बाकी सगळं त्याच्यापुढे चिल्लर. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केलेत की रोध १.५६ पट. पेट्रोल तितक्या पट वाढत नाही, कारण इंजिनाचं आतलं घर्षण आणि टायर यांचाही वाटा असतो, पण तुमच्या २६२ चं मुख्य कारण तेच. त्यात समोरून २० चा वारा म्हणजे १०० च्या गाडीला हवा १२० ची लागते. त्या पट्ट्यावर ७५–८० धरा. बॅगा बाजूला फुगलेल्या नकोत, त्या दोन छोट्या शिडांसारखं काम करतात, फक्त उलट्या दिशेने. टायरमध्ये हवा बरोबर आणि चेन फार ताणलेली नको, एवढं पुरे.

न्यूट्रल नको. आताच्या बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल तोडतात, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन जिवंत राहायला पेट्रोल पितं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे वाचवायला गेलात आणि दोन्हीकडून गेलं.

पाचवा_गिअर

कंपनीच्या आकड्यावर कुणी हिशेब करत असेल तर थांबा. त्यातले बरेच डब्ल्यूएमटीसी चाचणीचे असतात. ती रोलरवर, आधीच ठरलेल्या वेगांच्या आलेखाप्रमाणे होते. तिथे तुमची बॅग नसते आणि तुमचा उजवा हातही नसतो.

इंधनही बघा. इथेनॉलमध्ये एका लिटरला पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं तर हिशेबाने ऊर्जा साडेसहा-सात टक्क्यांनी कमी होते. ३०० किमीच्या टाकीत वीसेक किमी. शेवटच्या पंपावर कोणतं मिश्रण मिळतं ते आधी विचारून ठेवा. घरी एका इंधनावर मोजलेलं ॲव्हरेज तिथे चालेलच असं नाही.

घाटातला_भाऊ

त्यात थोडी भर. रस्ता खूप उंचावर जात असेल तर पातळ हवेत रोध कमी होतो, ही जमेची बाजू. पण कार्ब्युरेटरची गाडी तिथे श्रीमंत मिश्रणावर (हवा कमी, पेट्रोल जास्त) चालते, जास्त पिते आणि धूरही काढते. इंजेक्शन स्वतःला सावरून घेतं.

चाक_धरून

मी तर पाण्याच्या दोन बाटल्यांमध्ये दोन लिटर नेतो. कधी काही झालं नाही.

सायलेन्सर_तापला

दादा, 'कधी काही झालं नाही' हे वाक्य झालं नाही तोपर्यंतच खरं असतं. त्या बाटलीचं बूच वाफेच्या दाबाला केलेलं नाही. पेट्रोल अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. पहाटे १० लिटर भरलं आणि दुपारी २० अंशांनी तापलं तर जवळजवळ २०० मिली जागा जास्त मागतं. वाफ तर त्याहून आधी दाब धरते. शिवाय पाण्याची बाटली समजून कुणी तोंडाला लावली तर?

पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन घ्या, काठोकाठ भरू नका. भरताना तो जमिनीवर ठेवा, गाडीच्या सीटवर किंवा प्लास्टिकच्या अंथरुणावर नाही, कारण स्थिर विजेला जमिनीत उतरायला वाट हवी. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या. बांधायचा तर खाली, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. पाठीवरच्या सॅकमध्ये कधीच नाही. कुठे कुठे कॅनमध्ये पेट्रोल नेण्याचे नियम वेगळे असतात, निघण्याआधी चौकशी करा.

पाचवा_गिअर

मोठ्या टाकीबद्दल कुणीच बोललं नाही. माझं मत : एका पट्ट्यासाठी नको. बीएमडब्ल्यूच्या आर १२५० जीएस ॲडव्हेंचरला ३० लिटरची टाकी आहे, पण ती गाडी त्या टाकीभोवती घडवलेली आहे. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ३० लिटरला बावीस-तेवीस किलो, आणि तेही सगळं वर, गुडघ्यांच्या मध्ये. तुमच्या गाडीच्या सस्पेन्शनने ते वजन कधी पाहिलेलं नाही. दोन-तीन लिटरचा कॅन पट्टा संपला की रिकामा होतो, मोठी टाकी वर्षभर सोबत राहते.

चाक_धरून

बाटल्या बंद. कॅन आणतो. 🙏

अवांतर, पण धाग्याला धरून : एकदा गाडी तडतडत बंद पडली. टाकीत निदान चार लिटर होतं, हलवली तर डुबुकडुबुक आवाज येत होता. प्लग काढला, पुसला, पुन्हा किक. दोन किमी गेली, पुन्हा बंद. शेवटी वैतागून पेट्रोल बघायला झाकण उघडलं तर 'फुस्स' असा मोठा आवाज आला, आणि त्यानंतर गाडी घरापर्यंत निमूट आली. झाकणातलं हवेचं भोक धुळीने बुजलं होतं. पेट्रोल खाली जाणार आणि वरून हवा आत येणार नसेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. 'पेट्रोल संपलं' म्हणून ढकलायच्या आधी एकदा झाकण उघडा.

काटेकोर

हे उत्तम सांगितलंत. आणि त्याच झाकणाचा उलटा प्रकार : ज्या गाड्यांना वाफ शोषणारा कोळशाचा कॅनिस्टर आहे, त्यांची टाकी गळ्यापर्यंत भरली तर वाफेऐवजी द्रव पेट्रोलच वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये जातं आणि तो निकामी होऊ शकतो. म्हणून निवांतराव, 'लांब जायचंय' म्हणून शेवटचे चार थेंब कोंबू नका. त्यापेक्षा कॅनमध्ये ते दोन लिटर घ्या आणि ३०० च्या आसपास सावली बघून ओता. रस्त्याच्या कडेला, इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन.

निवांत_स्वार

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो! आधी घरी तीन टाक्या मोजल्या : एकूण ७९२ किमी, २५.८ लिटर, ॲव्हरेज ३०.७. पट्ट्यावर पहिले शंभर किमी वारा पाठीशी, मग अंगावर. ८० च्या वर गेलो नाही. दिवा २७४ ला लागला आणि पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. २९६ ला एका झाडाखाली थांबून कॅनचे २ लिटर ओतले. हात थरथरत होते म्हणून थोडं टाकीवर सांडलं, ते फडक्याने पुसून, वाळू देऊन मगच गाडी चालू केली. पंप आला ३३१ वर. तिथे फुल केलं तर फक्त १०.२ लिटर बसलं. म्हणजे ३३१ भागिले १०.२, ॲव्हरेज ३२.५! घरच्यापेक्षाही जास्त. उगीच घाबरलो होतो की.

काटेकोर

आणि झाडाखाली ओतलेले २ लिटर कुणाच्या खात्यात?

निवांत_स्वार

अरेच्चा. १२.२. म्हणजे २७.१.

सायलेन्सर_तापला

आणि कॅन नसता तर ३३१ ला टाकीत ८०० मिली उरलं असतं, पंपाच्या तोंडाखालचं धरून. 😄 परतीच्या वाटेवर वारा कुठून होता?

निवांत_स्वार

परत दुसऱ्या रस्त्याने आलो.