मोवाडचा पूर बाबाले डोळ्यासमोर दिसते, आजी म्हणते ते तिथं नव्हतेच

पऱ्हाटीवाला:
मानसशास्त्र शिकलेलं कोणी असंल तं सांगा बावा. आमचं गाव मोवाडच्या जवळच, वर्धा नदीच्या काठानं. 30 जुलै 1991 चा पूर ज्याईले माहीत हाय त्याईले जास्त सांगाची गरज नाही, दोनशेच्या वर माणसं गेली. माहे बाबा तेव्हा सहा वर्षाचे. लहानपणापासून आम्हाले सांगत आले का ते घराच्या धाब्यावर उभे होते, खाली गढूळ पाणी अन् त्यात एक बैल वाहून चालला होता, गळ्यातली घुंगरमाळ तशीच. कधीही विचारा, तोच बैल अन् तीच घुंगरमाळ. यंदा पोळ्याले सगळे जमले, गोष्ट निघाली तं आजी एकदम म्हणते, अरे तू होता कुठं, पहिलीत तुह्यं नाव वरूडले घातलं होतं, मावशीकडे होता तू. काकानंही मान हलवली. बाबा इतके भडकले का ताटावरून उठून वावरात निघून गेले. वरून आत्या, जी तेव्हा दीड वर्षाची होती, ते म्हणते मलेही पाणी आठवते! आता बाबा खोटं बोलून राह्यले का? गावात उधारीचा हिशोब अडला तं लोक त्याईले विचाराले येतात, असा माणूस हाय तो. का आजीच विसरली?

मास्तर_काटोल:
खोटं बोलणं वेगळं अन् चुकीचं आठवणं वेगळं, बाबांना खोटारडे ठरवू नका आधी. आठवण म्हणजे मोबाईलमध्ये पडून असलेला व्हिडिओ नाही. दरवेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो, अन् जुळवताना ऐकलेलं, पाहिलेलं, नंतर कळलेलं सगळं त्यात मिसळते. बार्टलेट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्येच हे मांडलं होतं.

पण मोठ्या धक्कादायक घटनेचं काय, ती तर कोरलीच जात असेल ना? 1977 मध्ये ब्राऊन अन् कुलिक या दोघांनी अशा आठवणींना 'फ्लॅशबल्ब' नाव दिलं, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाची बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो हे लोकांना कॅमेऱ्याचा फ्लॅश पडल्यासारखं आठवते म्हणून. मग 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान हवेतच फुटलं. नाइसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी सकाळी कॉलेजच्या पोरांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, काय करत होते. अडीच वर्षांनी त्यातल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. 11 जणांचं मुख्य असं काहीच जुळलं नाही, पूर्ण जुळलं फक्त 3 जणांचं. अन् चुकलेल्यांपैकी कितीतरी जण छातीठोक सांगत होते. स्वतःच्या हातचा कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही. म्हणून बाबांना कितीही खात्री असली तरी तेवढ्यावरून ते तिथे होते हे ठरत नाही, अन् आजीच्या खात्रीलाही हेच लागू.

संत्रेवाला_जुना:
पुस्तकातलं पुस्तकात ठेवा सर. मी त्या दिवशी तिथंच होतो, दुसऱ्या दिवसापासून गाळात फिरलो, तो वास अजून नाकात हाय. टीव्हीवर बातमी पाहणाऱ्या कॉलेजच्या पोट्ट्याईची अन् आमची बरोबरी करता काय? ज्याच्या अंगावरून पाणी गेलं तो नाही विसरत.

पीएचसी_वाली_ताई:
काका तुमचं चूक नाही, अन् सरांचंही नाही. भीती वाटली की अंगात अॅड्रेनलिन वाढते अन् मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग ती आठवण पक्की करायला जोर लावते. 1994 मध्ये काहिल अन् मॅकगॉ यांनी काही लोकांना प्रोप्रॅनोलॉल दिलं, हे बीपीचं औषध अॅड्रेनलिनचा परिणाम अडवते, अन् मग एका पोराच्या अपघाताची गोष्ट चित्रांसकट सांगितली. आठवड्याने विचारलं तर ज्यांनी नुसती खोटी गोळी घेतली होती त्यांना गोष्टीतला भावनेचा भाग जास्त आठवला, औषध घेतलेल्यांना तो फायदा मिळालाच नाही. म्हणजे भावनेने आठवण घट्ट होते हे खरं, पण घट्ट होते ती मुख्यतः मधली गोष्ट, कडेचं म्हणजे कोण बाजूला उभं होतं, कोणता वार होता, ते हलत राहते.

आत्याबाईंचं मात्र मला पटत नाही बाप्पा. साधारण तीन वर्षांच्या आतलं बहुतेक कोणालाच मोठेपणी आठवत नाही, दीड वर्षाचं तर सोडाच. घरात ऐकून ऐकून चित्र तयार झालं असंल. तुमच्याकडे पुराचे फोटो किंवा पेपरची कात्रणं आहेत का? 2002 मध्ये वेड नावाच्या बाईंनी अन् त्यांच्या सोबत्यांनी 20 जणांना त्यांच्याच लहानपणीचे फोटो दाखवले, त्यात एक बनावट, गरम हवेच्या उडत्या बलूनमध्ये बसलेला. बसले कोणीच नव्हते. दोन आठवड्यांत निम्म्यांना थोडंफार 'आठवलं'.

पऱ्हाटीवाला:
फोटो हाय ना ताई! आजोबाच्या ट्रंकेत पेपरचं कात्रण, वरून काढलेलं, नुस्तं पाणी अन् धाबे. अन् आता ध्यानात येऊन राह्यलं का बाबा सांगताना म्हणतात "धाब्यावर एक लहान पोट्टं उभं हाय", म्हणजे स्वतःलेच लांबून पाहून राह्यले असं.

मास्तर_काटोल:
लांबून दिसणं हा पुरावा धरू नका, खऱ्या आठवणीही पुष्कळदा तशाच दिसतात. त्यापेक्षा नीट विचारा, अन् कसं विचारता याला फार महत्त्व आहे. लॉफ्टस अन् पामर यांनी 1974 मध्ये गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं गाड्या "आदळून चुराडा झाल्या" तेव्हा स्पीड किती, काहींना विचारलं "एकमेकींना टेकल्या" तेव्हा किती. पहिल्यांनी सरासरी ताशी 41 मैल सांगितला, दुसऱ्यांनी 32. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का. फिल्ममध्ये काच नव्हतीच, तरी चुराडावाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले. म्हणून "तुम्ही तिथं नव्हते ना?" असं चुकूनही नका विचारू. एकेकाला वेगळं बसवा, "त्या पावसाळ्यातलं काय आठवते" एवढंच म्हणा अन् मधात बोलू नका. वाटलंच तर वरूडच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते, त्यात नाव अन् तारीख सापडते. पण आधी बाबांना विचारून जा, त्यांच्या मागून चौकशी केली तर पुढच्या पोळ्याला घरी कोणी जेवणार नाही.

पऱ्हाटीवाला:
काल विचारलं सर, वेगवेगळं. बाबा सुरुवातीले गुरगुरले, मग आपल्याच मनानं सांगाले लागले का मावसाजीसोबत येस्टीतून उतरले, पाय घोट्यापर्यंत गाळात, शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ, त्याईच्या डोक्याच्याही वर. म्हणजे आलेच होते, पण पाणी उतरल्यावर. धाबा काकाचा दिसते, काकाच होता वर. बाबाले हे बोललो नाही, तेच गप बसून विचार करून राह्यले होते. रजिस्टर पाहाले नाही गेलो. पण काका म्हणते बैल नव्हताच, म्हैस होती, अन् म्हशीले घुंगरमाळ कोण बांधते. आजी म्हणते बैल आपलाच होता. आता याच्यात कोणाचं धरायचं?

संत्रेवाला_जुना:
बैल होता. मी पाहिला.